तिच्या जिवाची चौकशी

कुत्री घरात आली तेव्हा आत्तींनी कितीतरी दिवस तिच्याकडं बघायचं टाळलं. आमच्याकडं सासूला आत्ती म्हणतात. घर जैनांचं, दिवस मावळायच्या आत जेवणारं, पाणी फडक्यातून गाळून पिणारं, आणि माझ्या मालकांनी आणलेलं पिल्लू शिकारी जातीचं. सदलग्याच्या शिवारात मेंढरं बसवायला आलेल्या एका धनगराकडून त्यांनी ते मागून घेतलं होतं. निमुळतं तोंड, खपाटीला गेलेलं पोट, अंगाच्या मानानं पाय लांब. मळ्यात तंबाखू वाळत पडलेला असतो, राखणीला कुत्रं पाहिजेच, असं ते आत्तींना म्हणाले. खरं कारण मला माहीत होतं. त्याच साली आमचं दुसरं मूल जन्मतःच गेलं होतं. पहिलंही तसंच गेलेलं. मळ्यातलं घर सबंध दिवस मुकं असायचं, ते त्यांना सोसत नव्हतं.

ती ताक-भाकरीवर वाढली. अंगणात शिरणाऱ्या शेजारच्या कोंबड्या-बकऱ्यांना तिनं कधी तोंड लावलं नाही. एकदाच काय तो ससा धरला आणि मोठ्या कौतुकानं आणून उंबऱ्यावर ठेवला. आत्तींनी त्या दिवशी उपास धरला, उंबरा धुऊन काढला आणि आठवडाभर तिला सोप्यावर येऊ दिलं नाही. तरी पुढं त्यांच्याच पायाशी ती बसायला लागली.

मोठी झाल्यावर ती दिसायला फार देखणी निघाली. निपाणीकडून माल बघायला येणारे व्यापारी तंबाखूआधी तिच्याकडं बघायचे. "हिची पिल्लं झाली की एक आम्हाला ठेवा," असं जो तो म्हणायचा. ती पहिल्यांदा माजावर आली तेव्हा मालकांनी, अजून लहान आहे म्हणून, तिला बांधून ठेवलं. पुढच्या वेळेला मात्र पिल्लं होऊ द्यावीत असं त्यांच्या मनानं घेतलं. मला म्हणाले, "अंगणात चार पिल्लं खेळली तर बरं वाटंल, न्हाई?" मी तेव्हा तिसऱ्यांदा पोटुशी होते.

आत्तींनी विरोध केला. "पिल्लं नेणार कोण? शिकारीवालं. मग रोज कुठंतरी जीव मरणार, आन् त्येचं पाप आपल्या दारात."

"राखणीसाठी मागंल त्यालाच देईन, आव्वा."

"दिल्यावर त्येच्या हातात. तू काय मागं मागं जाणार हाईस बघायला?"

मालकांनी हे हसण्यावारी नेलं नाही. पिल्लं कुणाकुणाला द्यायची याचा ते खरोखरच विचार करत राहिले. ज्यांच्या घरात बंदूक होती त्यांची नावं मनातून काढली. एकानं साखळीवर कुत्रं उपाशी ठेवलेलं त्यांनी पाहिलं होतं, त्याचंही नाव गळालं. मग नर शोधायला निघाले. निपाणीजवळ एक उमदा नर होता, पण चौकशीत तो हिचाच सख्खा भाऊ निघाला. दुसरा एक बघायला गेले तर तो आपल्याच धन्याच्या अंगावर धावत होता. "असला स्वभाव पिल्लांत उतरायचा," म्हणत परत आले. शेवटी तो धनगर पुन्हा आमच्या बाजूला उतरल्याचं कळलं, तेव्हा त्यालाच मळ्यावर बोलावून आणलं.

मी सोप्यावर ज्वारी निवडत बसले होते. धनगरानं तिला उभी केली, कमरेवरून, मांड्यांवरून हात फिरवला आणि मान हलवली.

"ब्याडरी, अण्णा. नको."

"का रं?"

"हिची आई पिल्लू अडकून मेली. तिची आईबी तशीच गेलती. म्हणून तर ही पिल्लं मी वाटून टाकली. कंबर लई अरुंद हाय."

"सगळ्याच मरत असतील असं न्हाई की."

"न्हाई. एखादी निभावंल."

मग मालकांनी त्याला किती विचारलं! नर लहान अंगाचा घेतला तर? आधीपासून खुराक दिला तर? अडलीच तर हात घालून पिल्लू काढणारा कुणी आहे का? धनगर शांतपणे सांगत होता. काढणारे आहेत, पण तेवढ्यात ती राहील याचा भरवसा नाही. मालक बराच वेळ तिच्या डोक्यावर हात ठेवून बसले.

"नको मग," ते म्हणाले. "मुक्या जिवाशी खेळ नको. पिल्लं न्हाई झाली तरी चालंल."

माझा हात सुपातच थांबला. दुसऱ्या बाळंतपणानंतर सुईणीनं आत्तींना आणि त्यांना, दोघांनाही समोर बसवून सांगितलं होतं, "हिची हाडं बारीक हाईत. आता पुन्यांदा नको बघा." आत्ती बस्तीत, आमच्या जैन देवळात, जाऊन नवस बोलून आल्या होत्या. मालक तंबाखूकडं निघून गेले होते. सुईणीला त्यांनी एक शब्द विचारला नव्हता. हा माणूस इतक्या मायेनं, इतकं खोदून विचारू शकतो, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

त्या माजात तिला वखारीत कोंडून ठेवलं. बाहेर गावातली कुत्री घिरट्या घालायची आणि मालक दाराशी खाट टाकून पडायचे.

पुढं माझे दिवस भरले. पोर अडलं. गाडी जुंपून निपाणीला न्यावं, तिथून बेळगावच्या दवाखान्यात, असं कुणीतरी म्हणालं, पण म्हणेपर्यंत उशीर झाला होता. मुलगा होता. रडलाच नाही.

मी खाटेवर पडून होते, त्याच दिवसांत कुत्रीचं काहीतरी बिनसलं. कोंडल्याला दोनेक महिने झाले होते, एकही नर जवळ आला नव्हता, तरी पोटुशी असल्यासारखं सगळं झालं. पोट फुगलं, आचळं भरून आली. तिनं मालकांच्या जुन्या पटक्याचा एक तुकडा ओढून आणला आणि माझ्या खाटेखाली त्याला पोटाशी घेऊन पडली. कुणी हात लावायला गेलं की गुरगुरायची. मलाही दूध आलं होतं. आत्तींनी माझी छाती लुगड्याच्या पट्टीनं आवळून बांधली होती. बांधताना त्या रडत होत्या.

मालक दारात येऊन उभे राहिले. खाटेखाली वाकून बघितलं.

"हिला काय झालंय?"

"दूध आलंय. पिल्लं न्हाईत," मी म्हणाले. मग न ठरवताच तोंडून निघालं, "तिच्यासाठी तुम्ही धनगराला हुडकून आणलंत. माझ्यासाठी कुणाला विचारलंत?"

ते उंबऱ्यावर खाली बसले.

"सुईणीनं सांगितलं हुतं," मी म्हणाले.

"व्हय."

एवढंच. माफी मागितली नाही, सबब सांगितली नाही. त्यानंतर त्यांनी आपली खाट कायमची वखारीत नेली. आत्तींनी पुढं दुसऱ्या लग्नाचा विषय काढला तेव्हा "हे घरात पुन्हा बोलायचं न्हाई," असं त्यांनी एकदाच सांगितलं आणि तो विषय मिटला. यात मला सुख वाटायला हवं होतं. वाटलं नाही. माझा जीव राखला गेला, पण राखलेल्या जिवाचं करायचं काय, ते आम्हा दोघांनाही सापडलं नाही. ताटावर बसलो की भाव, पाऊस, बैल एवढंच बोलायचो.

कुत्री दर माजाला कोंडली जायची आणि बहुतेक वेळा नंतर चिंध्या गोळा करून पडायची. तिचं वय होत आलं तेव्हा दुसऱ्या मोठ्या लढाईचे दिवस होते, मोटारींना पेट्रोल मिळत नव्हतं. एका पावसाळ्यात तिनं खाणं सोडलं. नुसतं पाणी प्यायची आणि ओकायची. पोट टणक झालं होतं. मालकांनी ओळख काढून निपाणीहून तंबाखूच्या लॉरीत जागा मिळवली. मीही सोबत निघाले. बेळगावात कँपाजवळ गुरांचे एक डॉक्टर होते, त्यांनी तिला तपासलं.

"गर्भाची पिशवी पुवानं भरलीय. पिल्लं न झालेल्या कुत्र्यांना कधी कधी होतं असं. आता हातात काही नाही."

"म्हंजे पिल्लं हुऊ दिली असती तर?"

"कसं सांगू? त्यातही गेली असती."

त्याच लॉरीनं परत निघालो. काकती गावाच्या थोडं पुढं तिचा श्वास थांबला. ती माझ्या मांडीवर होती. ड्रायव्हरनं लॉरी कडेला घेतली. बांधावर काम करणाऱ्या एका शेतकऱ्यानं आपली कुदळ दिली, जागाही दाखवली. मालकांनी एकट्यानं खड्डा खणला. माती ओली होती, लवकर निघाली.

लॉरीत परत बसल्यावर त्यांनी माझा हात धरला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मातीनं माखलेला, गार हात होता. मी माझा काढून घेतला नाही. पण धरून ठेवावा असंही मनात आलं नाही. निपाणी येईपर्यंत तो तसाच माझ्या हातावर पडून होता.