नोनीची जास्तीची मात्रा

नोनी हेहिर पाहुण्यांना तोंडघशी पाडायला धुनेत मुद्दाम खड्डा खणून ठेवते, असं आयर्लंडातल्या आमच्या क्लेअरच्या किनाऱ्यावर कुणीही सांगेल. लिलिसच्या पबमध्ये रविवारी दुपारी आम्हा वाजवणाऱ्यांची बैठक जमते. तिथे खिडकीखालची खुर्ची नोनीची, आणि मांडीवर तिची सहाकोनी हातपेटी. कुणी परगावचा वाद्य घेऊन आला की तिची ती एक धून हमखास निघते. तिच्या शेवटाला एक मात्रा जास्त आहे. आम्हाला ती पाठ. पाहुणा मात्र आमच्या आधीच पुढे उडी मारतो आणि एकटाच हवेत लोंबकळतो. एक डच बासरीवाला तर "माझी चूक, माझी चूक" करत अर्धा तास बासरी पुसत बसला होता. त्याची नक्कल मी अजून करते, लोक मागून घेतात.

पण ती अफवा खोटी. खड्डा होता, तो हेहिरांच्या स्वयंपाकघरात. चुलीपुढची एक फरशी खचली होती आणि नोनीचा बाप "उद्या बसवतो" म्हणत म्हणत म्हातारा झाला. घरी शेजारपाजारचे नाचायला जमायचे. चुलीपाशी आले की त्यांना फरशी ओलांडावी लागायची आणि ताल सुटायचा. नोनीचा थोरला भाऊ सेनन व्हायोलिन वाजवायचा. त्याने एकदा शेवटाला गज जरा लांब ओढला, सगळ्यांचे पाय पलीकडे टेकेपर्यंत. नोनीने पेटीवर तेच धरलं. त्या घरात धून तशीच रुळली.

मग सेनन बांधकामावर इंग्लंडला गेला. एका नाताळला त्याचं कार्ड आलं, पुढे तेही नाही. बाप गेला, घर डब्लिनच्या लोकांनी सुट्टीसाठी घेतलं, जमीन सिमेंटने सपाट झाली. उरली ती एक मात्रा. भाऊ परत येईल अशी आशा नोनीने कधीच सोडली होती. तिला एवढंच कळायला हवं होतं, की तिकडे तो धून कशी वाजवतो. सरळ वाजवत असेल तर घर त्याच्या डोक्यातून गेलं. आणि न जाणो, एखादा पाहुणा त्याच्याकडूनच शिकलेला निघायचा. म्हणून कुणी पाहुणा आला की ती धून काढायची आणि त्याच्या पायाकडे बघत बसायची. प्रत्येक पाय मात्रेआधीच पुढे पडायचा. ती हसून म्हणायची, "असू दे रे बाबा," आणि दुसरी धून धरायची.

यंदा उन्हाळ्यात मी तिला म्हटलं, "नोनी, आता पुरे कर. तुझ्याशिवाय जगात कुणी ही लंगडी धून वाजवत नाही."

"वाजवतं कुणीतरी."

"पैज?"

"लाव. हरलीस तर मी सांगेन त्याची नक्कल करायची, मी सांगेन तेव्हा."

"आणि जिंकले तर?"

"तर तू म्हणतेस तशी सरळ वाजवीन, मरेपर्यंत." हे ती पेटीचा पट्टा घट्ट करत बोलली, माझ्याकडे न बघता. तेव्हाच मी पैज मागे घ्यायला हवी होती.

दोन रविवार गेले. तिसऱ्या रविवारी एक पन्नाशीची बाई व्हायोलिनची पेटी पायाशी ठेवून काउंटरपाशी चहा पीत उभी राहिली. रीत जाणणारी होती; बोलावल्याशिवाय कोंडाळ्यात शिरली नाही. पॉलीन तिचं नाव, इंग्लंडात कॉव्हेंट्रीला बस चालवते. दोन-तीन धुना झाल्यावर नोनीनेच हाक मारली, "ये गं बाई, उभं राहून पाय दुखतील. एखादी तूच सुरू कर."

पॉलीनने गज टेकवला आणि नोनीचीच धून सुरू केली.

आता आमच्याकडे असं आहे: पाहुण्याने सुरू केलेली धून पाहुण्याच्या पद्धतीने वाजवायची, आपली घुसडायची नाही. पॉलीन सरळच वाजवणार, हे आम्ही सगळ्यांनी धरून टाकलं. त्यामुळे शेवटाला आम्ही शहाण्यासारखे ती मात्रा गाळून पुढे गेलो, आणि आख्खी बैठक तोंडावर आपटली. मागे राहिली दोनच वाद्यं, पॉलीनचं व्हायोलिन आणि नोनीची पेटी. ती मात्रा धरून दोघी एकदम खाली टेकल्या.

"अरे देवा!" टॉम लिलिस काउंटरमागून म्हणाला. "आज पाहुणीनेच पाडलं तुम्हाला!"

नोनीने विचारलं, "कुणाकडून घेतलीस?"

हे आमच्याकडे प्रत्येक धुनेला विचारतात.

"शेजारच्या म्हाताऱ्याकडून. सेनन हेहिर. ती मात्रा सुटली की काठीने माझ्या पायावर टकटक करायचा. 'फरशी आहे तिथे पोरी, आपटशील!' गाव कधी सांगितलं नाही त्याने. नुसतं म्हणायचा, क्लेअरला, समुद्राकडे. म्हणून मी सुट्टीत या किनाऱ्यावर गावोगाव वाजवत फिरते. म्हटलं, कुणीतरी थांबेल त्या जागी."

"आहे तो?"

"गेला. दोन हिवाळे झाले."

नोनीने पेटी मिटली, हात तिच्यावर ठेवले. "पुन्हा वाजव," म्हणाली. पॉलीनने वाजवली. "पुन्हा." पेटी मिटलेलीच राहिली.

दुसऱ्या दिवशी पॉलीनला कामावर जायचं होतं. ती संध्याकाळीच बोट गाठायला निघून गेली. टॉम म्हणाला, अगं, फोनवर तरी भरून घ्यायचं होतंस. नोनीने हात झटकला. "डब्यातला आवाज रस्त्याने माझ्याबरोबर चालणार आहे का?"

त्याच रविवारी मी नोनीला घरी सोडायला निघाले, तर वाटेत म्हणाली, "पैज हरलीयेस. कर नक्कल."

"कुणाची? डच बासरीवाल्याची?"

"सेननची."

"मी त्याला ऐकलंय कुठे?"

"ऐकलंस की, त्या बाईच्या हातातून. मोठी कानाची तिखट म्हणवतेस ना? मग कर."

आता दर रविवारी पबपासून तिच्या फाटकापर्यंत मी तोंडानेच व्हायोलिन वाजवते, डिडल-डी डम, डिडल-डी डम. गज कुठे दाबायचा ते ती सांगते. "तिथे जरा उर्मट वाजव. तसाच होता तो." शेवट आला की मी थांबते, आणि त्या सपाट डांबरी रस्त्यावर नोनी पाय जरा उंच उचलून पलीकडे टाकते.

अजून फिटली नाही म्हणते पैज.