घुमणारं चाक

पाच जून. आज सर्व्हिसिंगला नेताना गाडीचं पुढचं चाक घुमू लागलं आणि काही वर्षांपूर्वीचा चिंचणीचा रस्ता आठवला. कारखान्यातल्या कॉम्प्रेसरचा बिघाड नुसत्या आवाजावरून ओळखणारा माझा नवरा गाडी चालवत होता. मी म्हटलं, "पुढून घूं घूं येतंय." त्याने एसी बंद केला, काचा उतरवल्या, वळणावर कान दिला. सुक्या बोंबलांचा वास आत आला. "काही नाही," तो म्हणाला. मागून सासूबाई हसल्या, "या म्हातारीला आयकू येतंय, तुला नाय येत रे?" तोही हसला. मग माझ्याकडे बघून त्याने गाडी कडेला घेतली. "कारखान्यात कुणाला कळता कामा नये," एवढंच म्हणाला. दुसऱ्या दिवशी सकाळी तीच घुमणारी गाडी मी चालवली आणि गॅरेज मागे टाकून त्याला पालघरला कानाच्या डॉक्टरकडे नेलं.