सोलापूर–मुंबई विमानाने, मुंबई–सोलापूर एसटीने

सोलापूर ते मुंबई हवाई अंतर साडेतीनशे किलोमीटर, वेळ साधारण एक तास. रस्त्याने चारशे किलोमीटर, नऊ तास. हे आकडे मी वडिलांना, अण्णांना, मोठ्या कौतुकाने वाचून दाखवले. अण्णा एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. सोलापूर–मुंबई गाडी त्यांनी अठरा वर्षं चालवली आणि कधी उशिरा पोचवली नाही. आता पोटाचं दुखणं मुंबईच्या डॉक्टरांना दाखवायचं होतं. ऑपरेशन होणार की नाही, ते तिथेच ठरणार होतं.

अण्णांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "विमानानं न्यायलीस म्हंजे माझं काय खरं न्हाय व्हय?"

"धक्के बसू नयेत म्हणून हो, अण्णा."

"धक्क्याला कोण भितंय."

होटगी रोडचा विमानतळ जवळ आहे. आमच्या शुक्रवार पेठेतून रिक्षाने अर्धा तास धरा. तिकीट मात्र आधी काढा, आम्हाला ऐनवेळी महाग पडलं. विमान छोटं, पंख्याचं. खिडकी अण्णांना दिली, तर ते सगळा वेळ खाली आपला रस्ता शोधत बसले.

"टेंभुर्णी कुटं गेली?"

मला काय कळणार? ढग आले, आणि मग मुंबईच आली. अण्णांनी घड्याळ बघितलं. "एवढ्या वेळात माजी गाडी मोहोळच्या जरा म्होरं असायची."

वाचलेले तास दवाखान्याच्या बाकावर गेले. डॉक्टरांनी दहा मिनिटं दिली. रिपोर्ट बघून शांतपणे म्हणाले, "आता ऑपरेशनचा उपयोग नाही. घरी न्या. आवडेल ते खाऊ द्या." माणूस बोलायला इतका चांगला की रागही धरता येईना. मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

परतीचं विमान दुसऱ्या दिवशीचं होतं. अण्णा म्हणाले, "एसटीनं जाऊ की. आता कसली घाई हाय?" मी भांडले, पण ते ऐकेनात. तिकिटं वाया गेली. सकाळच्या गाडीत ड्रायव्हरच्या मागची सीट मिळाली, पाठीला उशी लावली. भिगवणला मासे चांगले मिळतात, थांबलात तर खा. अण्णांना दोन घास गेले. एरवी ते रस्ताच बघत होते. मोहोळ मागे पडलं तसे माझ्याकडे झुकले.

"ड्रायव्हरला जरा हळू घे म्हणावं की."

मी त्यांच्या पाठीची उशी सारखी केली.

त्याला तीन आठवडे झाले. अण्णा आता कॉटवरच असतात, औषध फक्त कळ थांबवायचं. या प्रवासातून काय मिळालं म्हणाल, तर काही नाही. लवकर पोचलो तर काहीतरी होईल, अशी माझी वेडी आशा होती. तीही तिकडेच राहिली.

काल शेजारचे बशीरचाचा भेटायला आले. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाले, "विमानाला किती टाईम लागला ओ, अण्णा?"

"एक तास."

"आणि येताना एसटीला?"

"नऊ." अण्णा भिंतीकडे वळले. "लई लौकर आली गाडी."