साखळीच्या कानाचा माणूस

महाळुंग्याच्या फाट्यावर सायकलचं दुकान चालवणारे मामा पहिली शिफ्ट कंपनीत मेंटेनन्सला असतात. तिथली सवय दुकानातही सुटत नाही. माझी रेसिंगची बीएमएक्स सायकल उलटी करतात, स्क्रूड्रायव्हरचं टोक चाकाच्या मधल्या हबला आणि त्याची मूठ स्वतःच्या कानाला लावतात, अन् पेडल फिरवत डोळे मिटून ऐकतात.

मग सुरू होतं. "ताई, साखळीचा जमाना गेला. आमच्या लायनीवर समदे पट्टेच हायेत. ना तेल, ना आवाज."

"मग लावा की मामा पट्टा."

"लावू की," म्हणतात आणि साखळीला तेल घालतात.

पट्टा साखळीसारखा उघडत नाही, म्हणून तो बसवायला फ्रेम कापावी लागते. कुठे कापायची त्याची खडूनं खूणही त्यांनी दोनदा केली आणि दोन्ही वेळा स्वतःच पुसली. या माणसाला नक्की काय हवंय, मला कळेना.

रविवारी शर्यतीला आले, तर ट्रॅककडे पाठ करून बसले. मी चिडूनच त्यांच्याकडे गेले.

"तिसरी आलीस ना?" मान न वळवता त्यांनी विचारलं.

"बघितली तरी का शर्यत?"

"मागल्या शर्यतीत उडीवरनं आपटलीस तवापास्नं बघवत न्हाई गं. ऐकत हुतो. उडीवरनं टेकलीस की तुजी साखळी खणकती."

आठ सायकलींच्या गोंगाटात माझीच कशी ओळखली, देव जाणे.

सोमवारी दुकानात गेले. मामांनी फ्रेमवर पुन्हा खडूची खूण केली. "ताई, आता पट्टाच लावू," म्हणाले आणि तेलाची बुधली शोधायला लागले.