सकाळपुरतं उघडणारं फूल

शेजारच्या वावरातला दौलत गेल्याचा फोन आला तेव्हा मी मोहगावच्या चौकात चार जणांना हसवत उभा होतो. त्याच्या धाकट्या भावाने एवढंच सांगितलं, "दादा कोहळ्याच्या वेलात पडून होते." कित्येक आठवडे झाले, पण त्या दिवशी तोंडात अर्धा राहिलेला किस्सा मला अजून पुरा करता आलेला नाही…

माझ्या बोलण्यातलं निम्मं वजा करून ऐकायचं, हे पांढुर्ण्यापासून सौंसरपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. दौलतला मी शेवटी शेवटी 'फुलांचा भटजी' म्हणायचो, फुलांची लग्नं लावतो म्हणून. कोहळ्याच्या एकाच वेलाला नर फुलं वेगळी लागतात, मादी वेगळी. मादीच्या बुडाशी बोराएवढं कोहळं आधीच बसलेलं असतं. नराचा पराग पोचला तर ते धरतं, नाही तर पिवळं पडून गळतं. फूल उघडतं पहाटे आणि ऊन चढलं की मिटतं, संपलं. तेवढ्या वेळात परागाची ने-आण मधमाश्या करायच्या. धुऱ्यावरच्या, म्हणजे आमच्या दोन वावरांमधल्या बांधावरच्या चिंचेला त्यांचं मोहोळ होतं. त्याच्या वजनाने चिंच तिगाव स्टेशनाकडे कलली, असं मी पाहुण्यांना सांगत असे.

माझी कपाशी त्याच धुऱ्याला लागून. "फवारा संध्याकाळी मारजो बे, फुलं मिटल्यावर," दौलत दरवर्षी बजावायचा. "मारतो ना बाप्पा, मी का माश्यांचा वैरी आहो?" पण त्या शनिवारी संध्याकाळी मला जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाला जायचं होतं. सकाळीच कीटकनाशकाचा पंप पाठीला लावला. दुपारी चिंचेखाली माश्यांचा सडा पडला होता. दौलतने एक उचलून तळहातावर घेतली. मी म्हणालो, हे मोबाइलच्या टॉवरचं काम. मग तो किस्सा गावभर असा रंगवला, की लोक टॉवरखालून छत्री धरून जाऊ लागले.

तेव्हापासून दौलत रोज पहाटे नर फूल तोडायचा, पाकळ्या काढून टाकायचा आणि आतला परागाचा दांडा एकेका मादी फुलाला लावत उकिडवा सरकत जायचा. छातीच्या दुखण्यामुळे डॉक्टरने त्याला शेतात जायलाच मना केलं होतं. "आराम कर ना बे," मी म्हणालो. "फूल थांबून राहिलं का माह्यासाठी?" त्याने वर न बघताच विचारलं…

तेरवी झाल्यावर एका पहाटे मी त्याच्या वावरात गेलो. त्याची बायको, इंदूवहिनी, वेलात बसून तेच करत होत्या.

"वहिनी, टॉवर नव्हता तो. मी सकाळी फवारलं होतं."

एवढं आखूड मी जन्मात बोललो नव्हतो. त्यांचा हात थांबला. "त्यायले सांगाले पायजे होतं, भाऊजी. आता मले सांगून काय होते?"

मी शेजारच्या ओळीत बसलो. आता रोज जातो. वहिनी बोलत नाहीत. मी पराग लावलेल्या प्रत्येक फुलापाशी मागून येतात, आणि पुन्हा लावतात.