झाडाला आवतन

रोवणा म्हणजे भाताची लावणी. आमच्या सावली तालुक्यात रोवण्याचे दिवस हा बायांचा सणच असतो. पोटरीपर्यंत चिखलात उतरायचं, गाणी म्हणायची आणि जी आली नसेल तिची मनसोक्त निंदा करायची. गेल्या वर्षी उन्हाळ्यात माझा उजवा गुडघा सुजून भोपळा झाला, तेव्हा पहिली धास्ती हीच वाटली की यंदा निंदा माझी होणार. बांधावर बसून सगळ्यांना चहा करून देणारी म्हातारी मला व्हायचं नव्हतं. मुळीच नाही.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. गोळी घेतली की सूज उतरायची, संपली की पुन्हा चढायची, आणि पोटात जळजळ व्हायची ती वेगळीच. मग मला भामरागडकडची मैत्रीण आठवली. तिथल्या आश्रमशाळेत आम्ही दोघींनी काही वर्षं एकाच चुलीवर स्वयंपाक केलेला. ती माडिया आदिवासी, गावात झाडपाल्याचं औषध देणारी. शाळेत कुणाचा पाय मुरगळला की ती मैदालकडी नावाच्या झाडाची साल उगाळून गरम लेप द्यायची, आणि लवकरच ते लेकरू पुन्हा उड्या मारायचं. पाऊस लागला की तिकडचा रस्ता बंद होतो, म्हणून मृगाच्या आधीच मी लंगडत एसटीत चढले.

तिनं गुडघा दाबून पाहिला. "साल उद्या काढू. आज झाडाले आवतन द्या लागते."

"झाडाले आवतन? काऊन, लगन हाय का त्याचं?"

ती हसली नाही. ज्याचं दुखतं त्यानंच आदल्या संध्याकाळी जाऊन झाडाला बोलावायचं, असा त्यांचा रिवाज. न बोलावता साल काढली तर ती चोरी. मी बुंध्याशी तांदूळ आणि हळद ठेवली आणि तिनं सांगितलं तसं म्हटलं, "उद्या येतो. माह्या संगं चल, माहा गुडघा बरा कर." म्हणताना लाज वाटली. म्हटल्यावर जिवाला बरं वाटलं, हेही खरं.

सकाळी उजेडात झाडाची मागची बाजू दिसली. कुणीतरी विकायला साल सोलून नेली होती. बुंधा पार उघडा पडला होता, आमच्या बाजूला तेवढी एक पट्टी शिल्लक होती. मैत्रिणीनं हातातली कुऱ्हाड खाली ठेवली.

"ह्या पट्टीवर जिवंत हाय ते. हे काढली तं मेलं."

मी भडकले. एवढ्या लांबून आले, माझ्या बोटभर सालीनं असं काय होणार आहे?

"आवतन तूच देल्लं ना बाई? पाहुन्याले बोलावून मारतं का कोनी?"

मग आम्ही दोघींनी शेण-माती कालवून झाडाच्या जखमेवर जाडसर लिंपलं. लिंपताना माझा राग कुठं गेला कळलंच नाही. झाड जगावं असं मला मनापासून वाटत होतं, अगदी गुडघ्याच्या आधी.

येताना तिनं नाल्यावरची निरगुडी तोडली. पाला तव्यावर गरम केला, मोहाच्या टोरीचं, म्हणजे बियांचं, तेल चोळलं आणि वर तो पाला बांधला. "हे हळू काम करते, पन रानात भरपूर हाय. तुह्या गावी नाई का?"

माझ्याच बांधाला लागून निरगुडीचं रान आहे. शेळ्या तोंड लावत नाहीत म्हणून मी तिला शिव्या देत आले होते. काखेत कळसा नि गावाला वळसा! जेवण होईपर्यंत ती मला चिडवत राहिली, "बाई एसटीनं पाला पाहाले आली."

घरी येऊन डॉक्टरांना सांगितलं. "बांधा की," ते म्हणाले, "निरगुडीनं सूज उतरते असं आम्हीही मानतो. पण गोळ्या मनानं बंद करू नका." पाला रोज बांधला, गोळ्या त्यांच्या सांगण्यानं हळूहळू कमी झाल्या. गुण कुणाचा, यावर मी भांडत नाही. त्या रोवण्यात मी अर्धा दिवस चिखलात आणि अर्धा दिवस बांधावर काढला. चहाही केला, तोंड वाकडं करून.

यंदा पावसाच्या आधी मैत्रीण स्वतः दारात उभी. हातात दुधाच्या पिशवीत एक इवलंसं रोप.

"झाड जगलं. हे त्याच्याच बियाचं. तू आवतन देल्लं होतं ना, आला पाहुना. रस्ता लंबा, म्हनून उशीर झाला."

मी तिच्या गळ्यात पडून रडले. मग दोघींनी मिळून ते बांधावर लावलं, निरगुडीच्या सावलीला.

रोवणा लागला तेव्हा चहाच्या सुट्टीत एकीनं चूळ भरून नेमकी त्या रोपावर टाकली. "पाहुना हाय तो, दिसत नाई का?" मी चिखलातूनच ओरडले. यंदा बांधावर तो बसला होता. मी सकाळपासून खाली चिखलात होते.