दहापैकी चार

आईला नागपुरातून घेऊन निघाले त्या सकाळी ती टॅक्सीत पुढच्या सीटवर बसली होती आणि मागे मी, दोन बॅगा आणि औषधांची पिशवी. दादा, म्हणजे आईचा सुध्या, फाटकात उभा होता. "चार-सहा महिन्यांचा तर प्रश्न आहे. बरी झाली का आणतोच तुले वापस," असं तो काचेतून आईला सांगत होता. वहिनी ऑफिसला निघून गेली होती. जरीपटक्यापासून सीताबर्डीपर्यंत आई दुकानांच्या पाट्यांकडे बघत राहिली. तिचे ओठ हलत होते, पण आवाज फुटत नव्हता. सारा जन्म प्राथमिक शाळेत पोरांना वाचायला शिकवण्यात घालवलेली ही बाई. पक्षाघाताच्या झटक्यानं तिचा उजवा हात गेला, बोलणं गेलं आणि वाचणंही गेलं. अक्षर ओळखू यायचं, पण त्याचा अर्थ लागायचा नाही. विमानतळावर तिला व्हीलचेअरवरून आत नेलं. तिनं एकदाही मागे वळून पाहिलं नाही, असं मी पुढे पुष्कळांना सांगितलं. खरं म्हणजे व्हीलचेअरवर बसून मागे वळता येत नाही.

मी स्वतः नागपूर सोडलं होतं त्याला आता बरीच वर्षं झाली. पुण्याला विमा कंपनीत नोकरी लागली तेव्हा निम्मी गल्ली आमच्या दारात जमली होती. कोणी चिवडा दिला, कोणी संत्र्याची बर्फी. आईनं कपाळावर दही-कुंकू लावलं आणि म्हणाली, "आधी पुरतं ऐकत जा वं, मंग तोंड उघडत जा." वर्गात ती पोरांना "आधी पुरतं वाचा, मंग लिहा" म्हणायची, तेच वाक्य तिनं थोडं फिरवून मला दिलं होतं. माझ्या जाण्याला सगळे प्रगती म्हणाले. आईच्या जाण्याला कोणी काहीच म्हटलं नाही, कारण ती जाते आहे हे कोणाला सांगितलंच नव्हतं. परतच तर यायचं होतं, मग गावभर कशाला करायचं, असं दादाचं म्हणणं पडलं.

तुमच्यापैकी जे माझ्यासारखे नागपूर सोडून पुण्याला, बंगळुरूला, त्याहून लांब गेले आहेत, त्यांना हे घडणारच आहे म्हणून लिहून ठेवते. आपण गेलो तेव्हा घर मागे होतं. आता म्हातारी माणसं आपल्यामागे येतात आणि मागे काही उरत नाही. आणि जे तिथंच राहिले आहेत त्यांच्यासाठीही लिहिते. दादा वाचेल की नाही ते त्याचं त्यानं ठरवावं.

माझा फ्लॅट पाचव्या मजल्यावर आहे. लिफ्ट आहे, चोवीस तास पाणी आहे, बाल्कनी आहे आणि बाल्कनीसमोर दुसऱ्यांच्या बाल्कन्या आहेत. आईला नागपुरात दारात खुर्ची टाकून बसायची सवय. येणारा-जाणारा "बाई, बरं हाये ना?" विचारून जायचा. इथं शेजारच्या बाई लिफ्टमध्ये भेटल्या की मला विचारतात, "आता कशा आहेत आई?" आई तिथंच व्हीलचेअरवर बसलेली असते. मीही तिच्या डोक्यावरून उत्तर देते, बऱ्या आहेत, प्रोग्रेस आहे. पुण्यानं माझी भाषा कधीच धुऊन काढली होती. आईशी बोलतानासुद्धा माझ्या तोंडून "का गं" यायला लागलं तेव्हा तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी दुसऱ्या कुणाशी तरी फोनवर बोलते आहे.

आठवड्यातून तीनदा गौरी यायची. ती स्पीच थेरपिस्ट, वयानं माझ्या भाचीएवढी, स्वभावानं गोड आणि कामाला चोख. तिची पद्धत ठरलेली होती. आधी माहितीचे उतारे द्यायचे, मधमाशी, टपाल, पाण्याची टाकी वगैरे. ते जमले की गोष्टी, आणि सगळ्यात शेवटी कविता, कारण कवितेत जे लिहिलेलं असतं त्याहून वेगळं काही म्हणायचं असतं. प्रत्येक उताऱ्याखाली दहा प्रश्न. आई वाचणार, डाव्या हातानं उत्तराखाली रेघ मारणार किंवा जमेल तसं बोलणार. मला हे सगळं पाठ होतं. आई हेच तर शिकवत आली होती. सुट्टीत गल्लीतली पोरं ओट्यावर बसवून ती असेच उतारे सोडवून घ्यायची आणि वाघिणीसारखी फिरत म्हणायची, "उत्तर उताऱ्यातच असते. बाहेरचं लिहाल तर शून्य."

आमच्या घरात सगळ्यालाच दहापैकी गुण असत. बाबाही शिक्षकच. भाजीला गुण, पाहुण्यांच्या वागण्याला गुण, मला बघायला आलेल्या स्थळांना गुण. एका मुलाला बाबांनी तीन दिले आणि विषय संपला. त्यामुळे आईचे गुण रोज घरच्या ग्रुपवर जायला लागले यात कोणालाच नवल वाटलं नाही. आज दोन. आज चार. दादाचा अंगठा यायचा. मावशी हात जोडायची. घरातल्या माणसाचं डोकं किती चालतं हे उताऱ्यावरून ठरवावं, ही अक्कल फक्त मास्तरांच्या घरातच सुचू शकते.

गोष्टींपर्यंत पोचल्यावर आई चारावर अडकली. एका गोष्टीत म्हातारा लेकाच्या घरून न सांगता निघून जातो. प्रश्न होता, तो का गेला? उताऱ्यात लिहिलं होतं, त्याला गावची जत्रा पाहायची होती. आई खूप वेळ शब्द जुळवत राहिली आणि म्हणाली, "करमत... नव्हतं." गौरीनं प्रेमानं समजावलं, आजी, उताऱ्यात बघा. आईनं पुन्हा पाहिलं, पुन्हा तेच म्हणाली. शून्य. एकदा गौरीनं मध्येच एक कविता देऊन पाहिली; तीत एक रस्ता मुलाला ये ये म्हणून हाका मारत होता. रस्ता काय म्हणतो, या प्रश्नावर आईनं हात झटकला. "रस्ता... कायले बोलते?" तेव्हा मी हसले होते. ग्रुपवरसुद्धा टाकलं.

याच दिवसांत दादाचा फोन आला. आई सोफ्यावर बसली होती, मी भाजी निवडत होते म्हणून फोन स्पीकरवर होता. घर बिल्डरला दिलं, तो म्हणाला. बाबांनी घर हयातीतच दादाच्या नावावर केलं होतं. घर पोराच्या नावावर करायचं असतं, त्यात विचारायचं काय, अशी आमच्याकडची रीत. त्यामुळे सही त्याची एकट्याची पुरली. सामान तो बेसा भागातल्या नव्या फ्लॅटवर नेणार होता आणि आईचं कपाट जुनं झालं म्हणून काढून टाकणार होता. मी चिडले. म्हटलं, आईला न सांगता? तर म्हणाला, "तिले काय समजते वं आता? चार गुण पडून राहिले तिले. उगाच धसका घेईन. आठ येऊ दे, मंग सांगू." आणि मी, इतकी तोंडाळ, मीसुद्धा सोफ्याकडे बघितलं. आई भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होती. मी म्हटलं, ठीक आहे, आठ येऊ दे. आपलेच दात आणि आपलेच ओठ, भांडायचं कोणाशी? पुढच्या महिनाभरात असे पुष्कळ फोन झाले. भाडेकरू निघाले, मीटर काढलं, जेसीबी आला. सगळं स्पीकरवर, आईच्या पुढ्यात, चहा पिता पिता.

मग मला कल्पना सुचली. पुस्तकातल्या उताऱ्यांमध्ये कोकणातली आजोबांची घरं आणि आंबे-फणस. आईला त्यात गोडी कशी वाटणार? मी स्वतः उतारे लिहायला बसले. इतवारीतली भांड्यांची दुकानं, हातगाड्यांच्या गर्दीत भाव करणारी बाई, उन्हाळ्यात कूलरला लावायची वाळ्याची जाळी, तर्री-पोहे. आईचे गुण भराभर चढले. पाच, सहा, सात. इतवारीच्या उताऱ्यात तर तिनं तुटक शब्दांत माझीच चूक काढली, की पितळ ज्या गल्लीत मिळतं तिथं धान्य मिळत नाही. गौरी खूश, मीही खूश. आठ आले की सांगायचं आहे हे मी विसरले नव्हते. म्हणून तर सातावर आल्यापासून मी प्रश्न जरा अवघड काढत होते.

एका दुपारी मी आमच्या घराचा उतारा लिहिला. का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. तिला आवडेल असं वाटलं. जरीपटक्याजवळच्या गल्लीत आईचं घर आहे, ओट्याशी कडुनिंब आहे, सकाळी ओट्यावर ऊन येतं, मुलं वाचायला बसतात, असं सगळं. खाली दहा प्रश्न. घर कोठे आहे? ओट्याशी कोणते झाड आहे? मुले कोठे बसतात? इतके सोपे, की पहिलीतलं पोरही सोडवेल.

आईनं चष्मा लावला. बोट फिरवत, ओठ हलवत शेवटपर्यंत वाचलं. मग पेन्सिल उचलली आणि एकाही प्रश्नाला हात न लावता कागद माझ्याकडे सरकवला.

"सोडव ना आई," मी म्हटलं. "सोपं आहे."

"खोटं आहे हे," आई म्हणाली. झटक्यानंतर एवढं सलग वाक्य मी पहिल्यांदाच ऐकत होते. "घर पाडलं ना सुध्यानं?"

मी विचारलं, तुला कोणी सांगितलं?

"तुमीच तर बोलून राहिले होते. माह्यासमोर."

मी रडायला लागले. आई रडली नाही. वर्गात एखादं पोर धडधडीत खोटं बोलताना सापडलं की तिचा चेहरा जसा व्हायचा, तसा झाला होता. तिनं फोनकडे बोट दाखवलं. मी दादाला स्पीकरवर फोन लावला आणि तिच्या हातात दिला. दादाला वाटलं मीच आहे. "बोल वं वैशे," तो म्हणाला, "आज किती आले आईले?"

शब्द गोळा करायला तिला वेळ लागतो. तिकडे दादा हॅलो हॅलो करत होता. मग ती म्हणाली, "एवढे प्रश्न इचारले तुमी मले. घराचं काहून नाही इचारलं?"

पलीकडून दादानं काहीतरी सुरू केलं. तुझ्या तब्येतीसाठी, डॉक्टर म्हणाले होते, आपल्याच भल्यासाठी. आई सगळं पुरतं ऐकून घेत होती. मग तिनं फोन माझ्याकडे दिला आणि भिंतीचा आधार घेत आत जाऊन पडली.

त्यानंतर आईनं उतारे सोडवले नाहीत. गौरी दोनदा येऊन गेली, आईनं तिला चहा दिला, पाठीवरून हात फिरवला आणि कागद परत केले. आता ती सकाळी पेपर वाचते, हळूहळू, मनातल्या मनात. काय कळलं ते कोणाला सांगत नाही, आणि विचारायची माझी हिंमत होत नाही. ग्रुपवर गुण जायचे थांबले. मावशीनं विचारलं, आता कशी आहे? मी लिहिलं, पूर्ण बरी आहे. ते अगदी खरं होतं, पण बरी झाल्यावर ज्या घरी परत नेऊ अशी थाप आम्ही तिला मारली होती, ते घरच आता शिल्लक नव्हतं. मी इतकी वर्षं पुण्यात राहून सुट्टी टाकताना ऑफिसात "घरी जाते" म्हणायचे. परवा रजेच्या वेळी तो शब्द तोंडात आला आणि पुढे काय म्हणावं ते कळेना, म्हणून नुसतं नागपूर म्हटलं.

दिवाळीच्या आधी दादाचा फोन आला. आवाज जरा पडलेला होता. म्हणाला, आईला घेऊन या, चार दिवस राहा, तिच्यासाठी वेगळी खोली ठेवली आहे. या वेळी मी फोन बाजूला ठेवला, आईजवळ जाऊन बसले आणि तिला सरळ विचारलं. दादा बोलावतो आहे, घरी जायचं का?

आईनं पेपर खाली केला. माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "कोनाच्या?"